अनुदानाची फाइल आणि अंगठ्याचा ठसा : भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची वाटचाल

१५ नोव्हेंबर १९११ रोजी परळच्या प्लेग लॅबोरेटरीत एक बैठक भरली. अध्यक्षस्थानी सर हारकोर्ट बटलर होते. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन या नव्या संस्थेच्या नियामक मंडळाची ती पहिली बैठक. हीच संस्था १९४९ मध्ये नाव बदलून भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद झाली. रुग्णालयांच्या व्हरांड्यात आणि वर्तमानपत्रांत तिला नुसते ‘आयसीएमआर’ म्हणतात. आज तिचे मुख्यालय दिल्लीत आहे, पण तिचा पहिला कागद मुंबईत, गिरण्यांच्या भोंग्यांच्या टापूत लिहिला गेला, हे आपल्याकडे फारसे कोणाच्या लक्षात नसते. ज्या वास्तूत ही बैठक झाली ती एकेकाळी गव्हर्नरांचे निवासस्थान होती. आता ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते.

मूळ नावात ‘फंड’ होता, आणि तो अगदी योग्य होता. संस्थेचे काम पैसा पुरवण्याचे. कोणत्या रोगाचा शोध आधी घ्यायचा, कोणाला किती रक्कम द्यायची, हिशेब कसा मागायचा, एवढेच तिने ठरवायचे. ज्या माणसांच्या शरीरावर हे संशोधन होणार होते त्यांच्याविषयी वेगळे काही ठरवावे, असे तेव्हा जगात जवळजवळ कुठेच कोणाला वाटत नव्हते. ते वाटायला आपल्या परिषदेलाही जवळपास सत्तर वर्षे लागली. मी स्वतः संशोधक नाही. शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाल्यावर एका रुग्णालयाच्या एथिक्स कमिटीवर, म्हणजे संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीवर, सामान्य सदस्य म्हणून काही वर्षे बसले, परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांची पाने उलटली, तिच्या अनुदानाच्या फायली हाताळल्या. त्यामुळे या इतिहासाकडे मी पाहते ती त्या खुर्चीवरून.

परळच्या त्या बैठकीआधीच्या चौदा वर्षांतल्या दोन गोष्टी इथे सांगायला हव्यात. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या आपल्या छोट्या प्रयोगशाळेत तयार केलेली प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा तयार झालेल्या कैद्यांना ती टोचण्यात आली आणि न टोचलेल्या कैद्यांशी तुलना करण्यात आली. लस उपयोगी ठरली, हजारो जीव वाचले. तरीही कोठडीतल्या माणसाने दिलेला होकार कितपत त्याचा स्वतःचा, हा प्रश्न आज कोणतीही एथिक्स कमिटी पहिल्याच पाच मिनिटांत विचारील. दुसरी गोष्ट १९०२ ची. पंजाबातल्या मुल्कोवाल या गावी प्लेगची लस घेतलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले, आणि त्यांच्यावरचा ठपका दूर व्हायला १९०७ साल उजाडले. एका शास्त्रज्ञावर झालेल्या अन्यायाची कथा म्हणून हे प्रकरण नेहमी सांगतात, आणि तो अन्याय होताच. पण त्या १९ घरांना कोणी काय भरपाई दिली, हा प्रश्न त्या कथेत येत नाही. भरपाई हा शब्द संशोधनाच्या भाषेत यायला अजून फार अवकाश होता.

असोसिएशनने पैसा मात्र चांगल्या ठिकाणी लावला. १९१३ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’ सुरू झाले, ते आजही निघते. निलगिरीतल्या कुन्नूर येथे पाश्चर इन्स्टिट्यूटच्या एका खोलीत १९१८ मध्ये रॉबर्ट मॅककॅरिसन यांनी बेरीबेरीचा तपास सुरू केला. ती खोली वाढत वाढत हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. कलकत्त्यात उपेंद्रनाथ ब्रह्मचारी कॅम्पबेल हॉस्पिटलमधल्या एका कोंदट खोलीत, वीज नाही, नळाचे पाणी नाही अशा अवस्थेत, काळाआजारावर औषध शोधत होते. असोसिएशनने त्यांच्या कामाला अनुदान दिले आणि त्यातून युरिया स्टिबामाइन हाती आले. अनुदान कसे द्यावे याचा याहून चांगला धडा मला माहीत नाही. तिथे भव्य इमारत नव्हती, मोठे नाव नव्हते. नेमका प्रश्न होता आणि तो सोडवण्यासाठी धडपडणारा माणूस होता.

१९४२ मध्ये असोसिएशनच्याच छत्राखाली आसामात स्वामीनाथ, शॉर्ट आणि अँडरसन यांनी काळाआजार वालुमाशीमुळे पसरतो हे निर्विवाद सिद्ध केले. ते सिद्ध कसे केले? पाच स्वयंसेवकांना बाधित माश्या चावू दिल्या. पाचही जणांना काळाआजार झाला. औषध तोवर उपलब्ध होते हे खरे. शास्त्राच्या दृष्टीने हे काम अव्वल दर्जाचे, आणि वीस वर्षे अडलेला प्रश्न त्याने सोडवला. मी तो प्रयोग जितक्या वेळा आठवते तितक्या वेळा माझे मन त्या पाच जणांपाशी थांबते. त्यांना काय सांगितले गेले होते, आणि किती?

स्वातंत्र्यानंतर संस्थेची सूत्रे डॉ. चिंतामण गोविंद पंडित यांच्याकडे आली. मद्रासच्या किंग इन्स्टिट्यूटचे ते संचालक होते. १९४८ पासून १९६४ पर्यंत त्यांनी परिषद चालवली, तिचे नाव बदलले ते त्यांच्याच काळात. संस्थेची पन्नास वर्षे पुरी झाली तेव्हा तिचा इतिहासही त्यांनी सहकाऱ्यासह लिहिला. निधी वाटणाऱ्या मंडळाला स्वतःच्या संस्था असलेल्या परिषदेचे रूप आले ते याच काळात. १९५२ मध्ये रॉकफेलर फाउंडेशनच्या सहकार्याने पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर उभे राहिले, आजची राष्ट्रीय विषाणू संस्था. पाच वर्षांतच तिथल्या मंडळींनी कर्नाटकातल्या शिमोग्याच्या जंगलातून क्यासनूर फॉरेस्ट डिसीजचा विषाणू शोधून काढला. मुंबईत परळला प्रजनन आरोग्याची संस्था, केईएमच्या आवारात रक्तविज्ञानाची संस्था, पुढे पुण्यात एड्स संशोधनाची संस्था. महाराष्ट्राच्या वाट्याला परिषदेची बरीच केंद्रे आली.

मद्रासची गोष्ट थोडी सविस्तर सांगते. १९५६ मध्ये परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची मेडिकल रिसर्च कौन्सिल यांनी मिळून तिथे क्षयरोगाच्या औषधोपचारांचे केंद्र काढले. क्षय झाला की सॅनेटोरियम, हा तेव्हाचा जगभरचा रिवाज. मोकळी हवा, सकस आहार, महिनोन्‌महिने विश्रांती. आपल्या देशात लाखो रुग्णांसाठी तेवढ्या खाटा कुठून आणणार? १९३ रुग्ण निवडले गेले आणि कोणी घरी राहायचे, कोणी सॅनेटोरियममध्ये जायचे, हे चिठ्ठ्या टाकण्याच्या पद्धतीने ठरले. औषधे दोन्हीकडे तीच. घरी राहणाऱ्यांची घरे म्हणजे दाटीवाटीच्या एकेका खोलीतले संसार, जेवण बेताचे, काम सुटत नाही. वर्षअखेर निष्कर्ष निघाला की घरी उपचार घेणारे जवळजवळ तितकेच बरे झाले, आणि घरातल्या इतरांना त्यांच्यामुळे जास्तीचा संसर्गही झाला नाही. १९५९ मध्ये हे छापून आले आणि पुढच्या काही दशकांत जगभर सॅनेटोरियमे ओस पडली. गरिबांच्या देशात, गरिबांच्या घरात झालेल्या संशोधनाचा लाभ त्याच घरांना मिळाला. संशोधन कोणावर होते आणि फळ कोणाला मिळते, हा आज मार्गदर्शक तत्त्वांत लिहिलेला मुद्दा तिथे न लिहिताच पाळला गेला होता. माझ्या मते परिषदेच्या सगळ्या इतिहासातले हे सर्वांत अभिमानाचे पान आहे.

सगळी पाने तशी नाहीत, आणि ती वगळली तर इतिहास लिहिण्यात काही अर्थ नाही.

फेब्रुवारी १९८० मध्ये परिषदेने मानवी संशोधनातील नैतिक बाबींविषयी आपले पहिले धोरण-निवेदन काढले. ते तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती हंसराज खन्ना. आणीबाणीत एप्रिल १९७६ मध्ये, जगण्याचा हक्कही सरकार स्थगित करू शकते या बहुमताविरुद्ध एकट्याने निकाल देणारे हेच ते न्यायमूर्ती. सरन्यायाधीशपद त्यांना डावलून दुसऱ्याला मिळाले, त्यांनी राजीनामा दिला. अशा माणसाने काही वर्षांतच देशातल्या डॉक्टरांना सांगितले की संशोधनाला बसवण्याआधी माणसाची परवानगी घ्या आणि प्रत्येक संस्थेत ती तपासणारी समिती नेमा. ही निवड कोणी विचारपूर्वक केली की योगायोगाने घडली, ते काहीही असो, मला ती फार मोलाची वाटते.

पण निवेदनाला कायद्याचे बळ नव्हते, आणि परिषदेच्या स्वतःच्या घरातही ते पुरते उतरले नव्हते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वावस्था कशी पुढे सरकते हे पाहण्यासाठी परिषदेच्या दिल्लीतल्या संस्थेने १९७६ पासून १९८८ पर्यंत हजाराहून अधिक स्त्रियांचा पाठपुरावा केला. त्यांतल्या अनेकींवर उपचार न करता फक्त निरीक्षण ठेवले गेले, आणि काहींचा आजार कर्करोगापर्यंत गेला. हे १९९७ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आले तेव्हा खुलासा असा आला की अभ्यास सुरू झाला तेव्हा लेखी संमतीचा दंडकच नव्हता. १९७६ पुरते ते उत्तर चालेल. पण १९८० नंतर अभ्यास आणखी आठ वर्षे चालू होता.

याच सुमारास परिषदेकडून नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्या चालल्या होत्या. हैदराबादजवळच्या पाटणचेरु येथे शिबिराला आलेल्या बायकांना आपण एखाद्या चाचणीत आहोत हे ठाऊकच नव्हते, असे हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेच्या लक्षात आले. १९८६ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. प्रश्न विचारला तो बाहेरच्या बायकांनी. एखाद्या संस्थेला तिच्या चुका दाखवणारे लोक बहुधा तिच्या भिंतींबाहेरचे असतात, हे मान्य करायला कोणालाही जड जाते. परिषदेलाही गेले असणार.

२००० मध्ये सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे आली. समितीचे अध्यक्ष माजी सरन्यायाधीश एम. एन. वेंकटचलय्या होते. बारा सर्वसाधारण तत्त्वे, मग औषधे, लशी, जनुके, अवयव, साथरोगांचे अभ्यास अशी प्रकरणे. २००६ मध्ये ती सुधारली गेली, २०१७ मध्ये पुन्हा नव्याने लिहिली गेली. मराठीची शिक्षिका असल्यामुळे असेल, पण मला यातल्या मजकुराइतकीच शीर्षके महत्त्वाची वाटतात. १९८० आणि २००० च्या शीर्षकांत माणसासाठी ‘सब्जेक्ट’ असा शब्द होता, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो. २००६ मध्ये तो जाऊन ‘पार्टिसिपंट’ आला, सहभागी. तरीही संशोधन त्या सहभागींच्या ‘वर’च होत होते. २०१७ च्या शीर्षकात ते ‘वर’ही गेले आणि सहभागींना ‘सामावून घेणारे’ संशोधन असा प्रयोग आला. हे बदल कोणाला शाब्दिक वाटतील. वर्गात कर्मणि आणि कर्तरी शिकवताना वाक्यात कोण काय करतो आणि कोणाला काय केले जाते हे मी मुलांना वर्षानुवर्षे समजावले आहे, मला ते शाब्दिक वाटत नाहीत.

२०१७ च्या तत्त्वांप्रमाणे एथिक्स कमिटीत सात ते पंधरा सदस्य असावेत. अध्यक्ष संस्थेबाहेरचा हवा, सदस्य सचिव संस्थेतला. डॉक्टर आणि शास्त्रज्ञांच्या जोडीला कायदा जाणणारी व्यक्ती, समाजशास्त्रज्ञ किंवा समाजकार्य करणारे कोणी, आणि वैद्यकाशी संबंध नसलेला एक सामान्य माणूस. नव्या औषधाच्या चाचणीवर निर्णय घ्यायचा असेल आणि तो सामान्य माणूस नसेल, तर नियमांप्रमाणे बैठक वैध धरता येत नाही. पहिल्या बैठकीला मी गेले तेव्हा हे मला माहीत नव्हते. मला वाटले होते, शोभेसाठी बोलावले आहे.

आता अनुदानाविषयी, कारण परिषदेचे जन्मनाव फंड होते आणि तो तिचा स्वभाव अजून आहे. बाहेरच्या संस्थांतल्या संशोधकांना परिषद अनेक वाटांनी पैसा देते. एकेकट्या संशोधकाने मांडलेल्या प्रश्नासाठी प्रकल्प, परिषदेनेच ठरवलेल्या प्रश्नावर अनेक केंद्रे एकत्र आणणारी टास्क फोर्स, तरुणांसाठी फेलोशिप. १९७९ पासून वैद्यकीय पदवीच्या विद्यार्थ्यांना दोन महिन्यांच्या छोट्या संशोधनासाठी विद्यावेतन मिळते. आजचे कितीतरी ज्येष्ठ प्राध्यापक त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा सांख्यिकीला भिडले. अर्ज आधी विषयतज्ज्ञांकडे, मग प्रकल्प आढावा समितीपुढे जातो. मंजुरी आली की पैसा एकदम येत नाही, हप्त्यांनी येतो. वर्षाचे खर्चपत्रक आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्याशिवाय पुढचा हप्ता निघत नाही. परदेशी पैसा किंवा परदेशी भागीदार असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची वेगळी परवानगी लागते, आणि त्या समितीचे कार्यालयीन कामही परिषदच पाहते.

संशोधकांना हे सारे जाचक वाटते, आणि त्यांचे म्हणणे मी जवळून ऐकले आहे. मार्च आला की विभागातला लिपिक आणि प्रकल्पातली मुलगी दोघेही रात्री उशिरापर्यंत पावत्या लावत बसतात. टेंपोचे भाडे, रक्ताच्या नळ्या, छपाई, चहा. आमच्याकडे एका प्रकल्पाचा हप्ता उशिरा आला तेव्हा गावोगाव फिरणाऱ्या तीन मुलींचे पगार चार महिने थकले. चूक कोणा एकाची नव्हती, कागद या टेबलावरून त्या टेबलावर जात होता. पण त्यांतल्या एकीने काम सोडले, आणि तिने पाठपुरावा केलेली घरे पुढच्या भेटीला बंद मिळू लागली, कारण त्या घरांचा विश्वास तिच्यावर होता, प्रकल्पाच्या क्रमांकावर नव्हता. अनुदानाचा कारभार नीट चालणे हाही नीतिमत्तेचाच भाग आहे, हे मला त्या वर्षी कळले. सहभागीची बुडालेली रोजी आणि एस.टी.चे भाडे अंदाजपत्रकात धरले आहे की नाही, हे मी तेव्हापासून प्रत्येक अर्जात आधी पाहू लागले.

पैसा आणि परवानगी यांची गाठ परिषदेने हळूहळू पक्की केली. एथिक्स कमिटीच्या मंजुरीशिवाय प्रकल्प सुरू करता येत नाही. २० जुलै २००७ रोजी दिल्लीच्या राष्ट्रीय वैद्यकीय सांख्यिकी संस्थेत क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्री सुरू झाली. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची झाली. आता एखादी चाचणी फसली तरी ती झालीच नाही असे म्हणता येत नाही. २००७ मध्येच आरोग्य संशोधनाचा स्वतंत्र विभाग केंद्रात निघाला. त्याचे सचिव आणि परिषदेचे महासंचालक ही एकच व्यक्ती असते. २०१९ च्या नव्या औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांनी आमच्यासारख्या समित्यांना या विभागाकडे नोंदणी करणे बंधनकारक केले. १९८० चा सल्ला औषधांच्या चाचण्यांपलीकडच्या संशोधनासाठीही कायद्यापर्यंत पोहोचायला एकोणचाळीस वर्षे लागली.

मधल्या काळात आणखी एक ठेच लागली. २००९ मध्ये तेव्हाच्या आंध्रच्या खम्मम आणि गुजरातच्या वडोदरा जिल्ह्यांत शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची एचपीव्ही लस देण्याचा एक प्रकल्प एका परदेशी संस्थेने राबवला, परिषद त्यात भागीदार होती. वसतिगृहातल्या मुलींच्या संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डननी सह्या केल्याचे आढळले. २०१० मध्ये प्रकल्प थांबवला गेला. झालेल्या सात मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. तरी ऑगस्ट २०१३ मध्ये संसदेच्या स्थायी समितीने आपल्या अहवालात परिषदेलाही खडे बोल सुनावले. लस चांगली होती, आजही आहे. घाईने घेतलेल्या त्या सह्यांमुळे तिच्याविषयीचा संशय मात्र कित्येक वर्षे टिकला.

कोविडचा काळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे, म्हणून थोडक्यात. पुण्याच्या विषाणू संस्थेने विषाणू वेगळा केला, त्यातून पुढे देशी लस तयार झाली. २ जुलै २०२० च्या परिषदेच्या एका पत्रात ती १५ ऑगस्टपर्यंत आणण्याचे उद्दिष्ट लिहिले गेले, तेव्हा देशभरच्या वैद्यकीय नीतीच्या अभ्यासकांनी जाहीर हरकत घेतली. ती तारीख मग टळली आणि लस जानेवारी २०२१ मध्ये आली, तेव्हाही तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीचे निष्कर्ष यायचे होते. २०२० मध्येच बरे झालेल्या रुग्णांच्या प्लाझ्मासाठी नातेवाईक रात्रीबेरात्री दारोदार फिरत होते. परिषदेने ३९ रुग्णालयांतल्या ४६४ रुग्णांवर चाचणी घेऊन सांगितले की प्लाझ्माने मृत्यू टळत नाहीत. लोकांना नको असलेले उत्तर परिषदेने स्वतःच्या पैशाने शोधले आणि ते छापले. संशोधनाला सार्वजनिक पैसा का लागतो, याचे हे उत्तर आहे.

शेवटी आमच्या कमिटीतला एक अर्ज. मधुमेहाच्या दोन औषधांची तुलना करायची होती. मराठी संमतिपत्रात लिहिले होते, ‘आपले यादृच्छिकीकरण करण्यात येईल’. मी विचारले, हे मुळशीच्या बाईला कोण सांगणार? संशोधक डॉक्टर तरुण आणि चांगले होते. ते म्हणाले, “बाई, तुम्हीच सांगा काय लिहू.” आम्ही सगळे मिळून बसलो. ‘कोणते औषध मिळेल ते चिठ्ठी टाकल्यासारखे ठरेल, डॉक्टर ठरवणार नाहीत.’ ‘१० मिलि रक्त’ याच्या जागी ‘दोन चहाचे चमचे’. ‘आपण केव्हाही सोडून जाऊ शकता, तुमचे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत.’ अर्ज पुढच्या बैठकीत मंजूर झाला, काही महिन्यांनी पैशाचा पहिला हप्ताही आला.

पाहणीसाठी आम्ही दोघे सदस्य केंद्रावर गेलो तेव्हा बाकावर साठीच्या एक बाई बसल्या होत्या. सिस्टर त्यांना संमतिपत्र वाचून दाखवत होत्या, शेजारी साक्षीदार म्हणून बाहेरचा एक गृहस्थ होता. निळ्या शाईचा पॅड उघडून ठेवलेला. बाईंनी सगळे ऐकले, चिठ्ठीची गोष्ट दोनदा विचारली, आणि म्हणाल्या, “घरी विचारते आन् उद्या सांगते.” सिस्टर म्हणाल्या, “सावकाश सांगा, मावशी,” आणि पॅड मिटला. दुसऱ्या दिवशी त्या आल्या आणि ‘नको’ म्हणाल्या. नोंदवहीत त्यांच्या नावापुढे ‘नकार’ लिहिले गेले, कारणाचा रकाना रिकामा ठेवला, आणि खिडकीवरून त्यांना त्यांच्या नेहमीच्या महिन्याच्या गोळ्या मिळाल्या.